दुबईचा पगार, पार्ल्यातलं बाळंतपण

बाळंतपणासाठी माहेरी, पार्ल्याला यायचं ठरलं तेव्हा दुबईतल्या ओळखीच्या बहुतेकांचं म्हणणं एकच होतं: तिकडे स्वस्तात होतं. आमच्या बाबतीत ते खरं नव्हतं. दुबईत नोकरी देणाऱ्याला कर्मचाऱ्याचा आरोग्य विमा काढावाच लागतो आणि त्यात बाळंतपण धरलेलं असतं. अगदी मूलभूत योजनेतसुद्धा बाईने दहा टक्के भरायचे आणि बाकीचं विमा कंपनीने. तेव्हा नैसर्गिक बाळंतपणाला ७,००० दिरहम आणि गरजेच्या सिझेरियनला १०,००० दिरहम अशी वरची मर्यादा होती. मुंबईत मात्र सगळं बिल आमच्याच खिशातून जाणार होतं. आमच्या पॉलिसीत यूएईबाहेर ठरवून घेतलेले उपचार बसत नव्हते. आणि भारतातल्या वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपणाला प्रतीक्षा कालावधी असतो, कुठे नऊ महिने तर कुठे चार वर्षांपर्यंत. दिवस राहिल्यावर घेतलेली पॉलिसी त्या बाळंतपणाला कामी येत नाही.

तरी मुंबईच ठरवली, कारण आजी अंथरुणाला खिळलेली आणि तिला सोडून आईला दुबईला येता येत नव्हतं. मला पहिल्या बाळंतपणात आई हवी होती. तेवढं कारण मला पुरेसं होतं, फक्त त्याची किंमत आधी नीट कळायला हवी होती.

हिशेब मांडायला बसलो तेव्हा सगळ्यांत मोठा आकडा हॉस्पिटलचा निघाला नाही, रजेचा निघाला. यूएईच्या खासगी क्षेत्रात बाळंतपणाची रजा ६० दिवसांची: पहिले ४५ दिवस पूर्ण पगार, पुढचे १५ दिवस अर्धा. माझ्या वहिनीला मुंबईतल्या नोकरीत २६ आठवडे भरपगारी मिळाले होते. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी आपल्या कायद्यात तेवढी तरतूद आहे. साठ दिवसांत ओली बाळंतीण विमानात बसून परत जाऊन कामाला लागेल, ही अपेक्षाच मला क्रूर वाटते. त्यातच विमान कंपन्या साधारण ३६ आठवड्यांनंतर घेत नाहीत आणि त्याच्या आधीही काही आठवडे डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात. म्हणजे लवकर यायचं, बाळाचे कागद होईपर्यंत थांबायचं, आणि मधले महिने बिनपगारी काढायचे. तिकडे घरभाड्याचे पुढच्या तारखांचे चेक घरमालकाकडे दिलेले, ते वेळेवर वटणारच. त्यामुळे आम्ही खर्च वस्तूंप्रमाणे न लिहिता महिन्यांप्रमाणे लिहिला: कुठल्या महिन्यात किती पगार येणार नाही आणि त्याच महिन्यात किती पैसे जाणार. रुपयांत लिहिला आणि दिरहमचा दर जरा कमीच धरला.

तपासण्या वाटून घेतल्या. अकराव्या ते तेराव्या आठवड्यातली सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ताची तपासणी, विसाव्या आठवड्याच्या आसपासची ॲनॉमली स्कॅन म्हणजे बाळात काही व्यंग नाही ना हे बघणारी सोनोग्राफी, साखरेची तपासणी हे सगळं दुबईत विम्यावर झालं. माझा रक्तगट निगेटिव्ह, त्यामुळे २८ व्या आठवड्यातलं अँटी-डी इंजेक्शनही (बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) तिथेच घेतलं. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा घ्यावं लागतं, म्हणून ते मुंबईच्या यादीत घातलं. सगळे रिपोर्ट छापून एका फायलीत लावले. इथल्या डॉक्टरांनी ती फाइल पाहून एकही तपासणी पुन्हा सांगितली नाही, आणि त्यात बरेच पैसे वाचले.

हॉस्पिटलांची चौकशी मी येण्याआधीच बाबांनी सुरू केली होती. पार्ले-अंधेरीतली दोन-तीन प्रसूतिगृहं आणि एक मोठं हॉस्पिटल. फोनवर सगळीकडे 'पॅकेज' सांगतात. तो आकडा ऐकून फोन ठेवू नये. बाबा प्रत्यक्ष बिलिंग काउंटरवर गेले आणि मी लिहून दिलेले प्रश्न एकेक करून विचारले. पॅकेजमध्ये किती दिवस? भूलतज्ज्ञांची फी आत की वेगळी? बालरोगतज्ज्ञ जन्माच्या वेळी हजर राहतात त्याचे किती? औषधं आणि लागणारं सामान धरलंय का? कळा कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, एपिड्युरल, घेतलं तर? नैसर्गिक म्हणून आत गेले आणि रात्री सिझेरियन करावं लागलं तर बिल कसं लागणार? बहुतेक ठिकाणी औषधं, सामान आणि बाळाचा खर्च पॅकेजच्या बाहेर निघाला.

काउंटरवरच्या बाईंनी बाबांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. "काका, आधी रूम ठरवा. बाकी सगळं रूमवर आहे." मोठ्या हॉस्पिटलात हे अक्षरशः खरं असतं. सिंगल रूम घेतली की नुसतं खोलीचं भाडं वाढत नाही. ऑपरेशन थिएटर, सर्जनची फी, डॉक्टरांच्या भेटी, सगळ्यांचे दर त्या वर्गाप्रमाणे चढतात. शिवाय जुलै २०२२ पासून दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी लागतो. आयसीयू आणि एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) त्यातून वगळलेले आहेत. तीच डॉक्टर, तेच टाके, आणि बिलात मोठा फरक. मी दोन खाटांची खोली घेतली. रात्री सोबतीला आई राहू शकत होती, आणखी काही नको होतं.

पैसे कसे भरायचे हेही आधी पाहावं. बाबा बँकेतून रोख काढून ठेवणार होते, पण दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला हॉस्पिटलला कायद्याने मनाई आहे. यूपीआयची हॉस्पिटलांसाठीची मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये पाच लाखांपर्यंत वाढवली गेली, तरी आपल्या बँकेने आपल्या खात्याला किती ठेवली आहे ते तपासावं लागतं. आम्ही डिपॉझिटची रक्कम माझ्या एनआरओ खात्यात (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं इथलं बँक खातं) आधीच आणून ठेवली.

दुसरी मोठी रक्कम बाळासाठी बाजूला काढली होती. कमी दिवसांचं झालं, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर एनआयसीयूचं बिल रोज चढत जातं आणि ते किती दिवस चालेल हे कुणीच सांगू शकत नाही. आपल्याकडे शुभ कार्याआधी असं बोलू नये म्हणतात. आईलाही ते रुचलं नाही. पण मी ठाम राहिले. आई-वडिलांनी बाळाच्या तब्येतीकडे बघावं, एटीएमच्या रांगेकडे नाही. मुलीला कावीळ झाली, दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं. त्या रकमेतून थोडे गेले, बाकी तशीच राहिली.

घरच्या खर्चाला आई हात लावू देईना. डिंक, खारीक, आळीव, गोडंबी, साजूक तूप यांचे भाव हल्ली काय आहेत ते दादरच्या दुकानात गेल्यावर कळतं. बाळाला आणि मला मालिश करायला येणाऱ्या मावशींचा सव्वा महिन्याचा पगार आणि शेवटी साडी मात्र मीच दिली. त्यांच्या हातांनी माझी कंबर परत उभी राहिली.

मग कागद. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. ती हॉस्पिटल कळवतं, आणि दाखला ज्या विभागात हॉस्पिटल त्या महापालिका कार्यालयातून मिळतो. नाव नंतरही घालता येतं, पण पासपोर्टला नावाचाच दाखला लागतो. म्हणून आमच्याकडे नाव आधी कागदावर लागलं आणि पाळण्यात नंतर. आजीने कुरकुर केली नाही, उलट स्पेलिंग दोनदा वाचून घेतलं. पासपोर्टची फी १,००० रुपये, आठ वर्षांखालच्या मुलांना त्यात दहा टक्के सवलत. आई-वडील दोघांच्या संमतीचा 'परिशिष्ट ड' हा फॉर्म लागतो. यूएईच्या निवासी व्हिसासाठी जन्मदाखल्यावर आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात आणि शेवटी तिथलं परराष्ट्र खातं अशी साखळीने साक्षांकनं होतात. एजंटची फी आणि लागणारे आठवडे, दोन्ही महिन्यांच्या तक्त्यात धरलेले असावेत. बाळाच्या आईचा स्वतःचा व्हिसाही लक्षात ठेवावा. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर नेहमीचा निवासी व्हिसा रद्द होऊ शकतो.

पहिल्या लसी हॉस्पिटलातच झाल्या, दीड महिन्याच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट. तिथल्या नर्सताईंनी कार्डावर प्रत्येक लसीचं नाव इंग्रजीत, सुवाच्य लिहून दिलं, कारण पुढची लस दुबईत होणार हे मी त्यांना सांगितलं होतं. दुबईतल्या डॉक्टरांनी ते कार्ड जसंच्या तसं मान्य केलं.