कडीपाटाच्या माडीवर बोर्ड निवडताना: माझा अनुभव

जुन्या माडीवरची माती-मुरमाची भर काढल्यावर खालच्या फळ्या वाळवीने पोखरलेल्या निघाल्या. फळ्या पेलणाऱ्या आडव्या सागवानी तुळया, म्हणजे कड्या, मात्र शाबूत होत्या. त्यांच्यावर कोणता बोर्ड टाकायचा, हे मी दुकानात नाही, टेप लावून ठरवलं. एका कडीच्या मध्यापासून पुढच्या कडीच्या मध्यापर्यंत, आणि तेही दोन्ही टोकांना मोजायचं. जुन्या कड्या क्वचितच समांतर असतात. हे अंतर १६ इंचांपर्यंत असेल तर १९ मिमी प्लाय पुरतो. २४ इंचांवर तो पावलाखाली लवतो. तिथे २५ मिमी घ्या, नाहीतर मधे एक कडी वाढवा.

साधा पार्टिकल बोर्ड नकोच. पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि स्क्रूची पकड जाते. सिमेंटचा पार्टिकल बोर्ड वाळवीला आणि ओलीला उत्तम, पण १८ मिमीची ८ बाय ४ ची शीट ६५ किलोच्या आसपास भरते. प्लाय साधारण ४० किलो. शिवाय प्रत्येक स्क्रूला आधी भोक पाडावं लागतं, कोपरे तुटतात. जुन्या कड्यांवर मी आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लायच घेतला. हा दर्जा ७२ तास उकळूनही थर न सुटण्याच्या कसोटीवर ठरतो. आयएसआयचा शिक्का पाहा आणि जाडी स्वतः मोजा, कारण १९ म्हणून १७ मिमीचा माल सर्रास गळ्यात मारला जातो.

शीटची लांब बाजू कड्यांना आडवी हवी. आखूड टोकं कडीच्या मध्यावरच जुळली पाहिजेत, लांब सांध्याखाली दोन कड्यांमधे लाकडाचे आडवे तुकडे ठोकायचे. १० बाय १२ फुटांच्या खोलीला हिशेबाने चार शीट लागतात. कड्यांची अंतरं कमीजास्त असतील तर पाच आणा. आखूड टोकांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. दोन शीटमधे २-३ मिमी, भिंतीपाशी १० मिमी फट ठेवा.

खिळे नकोत, लाकूड सुकलं की ते सैल होतात आणि माडी करकरते. कडीवर फेविकॉलची रेघ ओढून ५० मिमीचे स्क्रू मारा: कडेला ६ इंचांवर, मधे १२ इंचांवर. एका शीटला पंचेचाळीसेक लागतात. कापलेल्या प्रत्येक कडेला बसवण्याआधी प्रायमरचे दोन हात द्या. सुतार हे टाळायला बघतात, पण ओल शिरते ती तिथूनच.