हान्कौच्या निवृत्त मिशनऱ्याची पत्रे : तारखा ठरवण्याचे काम

पत्रांचे वाचन आता तारखा ठरवण्याच्या टप्प्यावर आले आहे. आधीची टिपणे ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही पत्रे एका ब्रिटिश मेथडिस्ट (एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) मिशनऱ्याची आहेत. त्यांची उमेदीची वर्षे चीनमधील हान्कौ आणि वुचांग (आजच्या वुहान शहराचे भाग) येथे गेली, 1949 नंतरच्या बदलांत त्यांना चीन सोडावा लागला, आणि निवृत्तीनंतर ते इंग्लंडमध्येच राहणाऱ्या आपल्या जुन्या सहकाऱ्याला अखेरपर्यंत लिहीत राहिले. पत्रे खासगी असल्यामुळे दोघांचीही नावे देत नाही. इंग्लंडमधील एका स्नेह्यांनी पाठवलेल्या छायाचित्रांवरून मी नक्कल करीत आहे.

अक्षर आता बऱ्यापैकी लागते. थरथरत्या हाताने लिहिलेली पाने सुरुवातीला मोडीच्या घसटी दफ्तरासारखी अभेद्य वाटली होती. पण एकाच माणसाचे अक्षर सलग वाचत गेले की त्याच्या सवयी ओळखीच्या होतात. खरी अडचण वेगळी आहे. उतारवयातील पत्रांवर बहुधा वार आणि महिना असतो, साल नसते.

येथे पाकिटांचा उपयोग होतो. ब्रिटनमध्ये साध्या अंतर्देशीय पत्राला 1940 पासून अडीच पेनी लागत. 1 ऑक्टोबर 1957 पासून तीन पेनी झाले आणि तो दर 1965 पर्यंत टिकला. एका पत्रावर फक्त ‘बुधवार, 4 डिसेंबर’ एवढेच आहे. त्या काळात हा वार आणि ही तारीख 1940, 1946, 1957 आणि 1963 या वर्षी जुळते. पाकिटावर तीन पेनींचे तिकीट असल्यामुळे 1940 आणि 1946 बाद होतात, परंतु 1957 आणि 1963 यांतील निवड तिकिटावरून करता येत नाही. ती पत्रातल्या मजकुराने होते: यांगत्झे नदीवरचा पूल आता खुला झाल्याचे कळले, असे ते लिहितात आणि आपण हान्कौहून वुचांगला नेहमी होडीनेच कसे जात असू ते आठवतात. वुहानचा तो पूल 15 ऑक्टोबर 1957 रोजी वाहतुकीस खुला झाला. तोपर्यंत रेल्वेचे डबेसुद्धा फेरीबोटीवरून पलीकडे नेत असत. पत्र 1957चे, यात मला शंका उरलेली नाही. म्हणून छायाचित्रे काढणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की पाकिटाच्या दोन्ही बाजू टिपल्याशिवाय पत्र बाजूला ठेवू नये.

साल कळणे महत्त्वाचे का, हे 1931च्या महापुराच्या आठवणींवरून दिसते. तो पूर या पत्रांत तीनदा येतो. सर्वांत जुन्या पत्रात गमावलेल्या पुस्तकांची हळहळ आहे. मधल्या पत्रात ती पुस्तके वरच्या मजल्यावर नेण्यासाठी कमरेएवढ्या पाण्यात उतरलेला स्वयंपाकी येतो. शेवटच्या पत्रात पुस्तकांचा उल्लेखच नाही. फक्त तो स्वयंपाकी आणि त्याचा मुलगा आज कुठे असतील, एवढाच प्रश्न आहे. पुनरुक्ती म्हणून असे उतारे गाळण्याचा सल्ला मला काही जणांनी दिला होता. तो मला मुळीच मान्य नाही. माणसाच्या मनात काय मागे पडत गेले आणि काय वर येत गेले हे या तीन उताऱ्यांच्या क्रमातच दिसते, आणि क्रम चुकला तर सगळा अर्थच उलटा होईल.

काही उल्लेख इतके ओझरते आहेत की माहितगारालाच उमगावेत. ‘हिल यांची शाळा’ म्हणजे 1865 साली चीनमध्ये आलेले मेथडिस्ट मिशनरी डेव्हिड हिल यांनी 1888 मध्ये हान्कौला काढलेली अंधांची शाळा. अशा जागी मी नकलेत हात न घालता तळटीप देतो. न लागलेला शब्द चौकोनी कंसात प्रश्नचिन्हासह ठेवतो आणि मूळ ओळी जिथे तुटतात तिथेच तोडतो.

यापुढचे काम पाकीट हरवलेल्या पत्रांचे आहे. त्यांत कागदाचे जलचिन्ह (उजेडासमोर धरल्यावर कागदात दिसणारी खूण), शाई आणि चर्चच्या उपासना-दिनदर्शिकेतील रविवारांचे उल्लेख यांवर भिस्त ठेवावी लागेल. 1950 ते 1970 या काळातील ब्रिटिश लेखन-कागदाच्या जलचिन्हांची छायाचित्रे कोणाच्या संग्रहात असतील तर त्यांनी जरूर कळवावे.