रांजणगावचा आवाज, फ्रँकफर्टमार्गे

"मॅडम, मला येतं हो सांगायला. पण त्यांना ऐकूच जात नाही, आणि मग ते समजतात की याला काही कळत नाही."

प्रेस शॉपचे आमचे सुपरवायझर काका हे बोलले तेव्हा त्यांच्या हातात तडा गेलेला एक ब्रॅकेट होता. २६ वर्षं झाली त्यांना त्या प्रेसजवळ उभं राहून. तडा डायमुळे (दाबायच्या साच्यामुळे) गेला की पत्र्यामुळे, हे ते नुसतं बघून सांगतात. त्या दिवशी सकाळच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरच्या प्लँटमधल्या क्वालिटीच्या लोकांना ते हेच सांगत होते. आवाज तुटत होता. तिकडून दोनदा "कम अगेन" आलं, तिसऱ्यांदा "ओके ओके, मेल कर दो" आलं आणि मीटिंग पुढे सरकली. दुसऱ्या दिवसापासून काका मीटिंगला आलेच नाहीत. तड्यांचे फोटो परत व्हॉट्सॲपवर जायला लागले.

मी रांजणगावच्या या प्लँटचं नेटवर्क सांभाळते. त्यांचं ते वाक्य मला फार लागलं.

आमच्याकडे टीम्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं मीटिंगचं ॲप, आलं २०२२ मध्ये. मूळ कंपनी जर्मन, निर्णय तिकडचा, सगळ्या प्लँटना एकदम लागू. लायसन्स आली, ट्रेनिंग झालं, कँटीनमध्ये पोस्टर लागली. दोन महिन्यांनी वापराचा रिपोर्ट आला, त्यात आमचा प्लँट तळाला. शॉप फ्लोअरच्या लोकांना नवीन काही नको असतं, असं ठरवून टाकण्यात आलं आणि पुन्हा ट्रेनिंग लावलं. त्याचा मला आजही राग येतो. हीच माणसं मोबाईलवरून पीकविमा भरतात, रोज रात्री नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. त्यांना बटण कुठे दाबायचं हे शिकवायची गरज नव्हती.

दुखणं कुठे आहे हेही काकांनीच सांगितलं, नकळत. "स्टोअरवाल्याशी दोघंच बोलतो तेव्हा झकास चालतं. तिसरा आला की बिघडतं." मी जागीच थबकले. टीम्समध्ये दोघांचा कॉल शक्य तिथे थेट एका मशीनवरून दुसऱ्यावर जातो. तिसरा जोडला गेला की सगळ्यांचा आवाज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमधून फिरतो. म्हणजे खोट होती त्या सर्व्हरकडे जाणाऱ्या वाटेत.

मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर २०१५ पासून पुणे, मुंबई आणि चेन्नईत आहेत. रांजणगावहून पुणे ५० किलोमीटर. श्रीपेरुंबुदूर तर चेन्नईला लागूनच. मग वाट लांबची असेल कशी? बाहेरच्या जगाला आमचा पत्ता कुठला दिसतो ते मी पाहिलं, तर फ्रँकफर्ट! सुरक्षेसाठी सगळ्या प्लँटचं इंटरनेट मुख्यालयाच्या एकाच दारातून बाहेर पडत होतं. त्यामुळे टीम्सच्या लेखी आम्ही जर्मनीत बसलेलो, आणि सर्व्हरही तिकडचाच मिळत होता. काकांचा शब्द समुद्राखालून युरोपात जायचा आणि तिथून तमिळनाडूत उतरायचा.

मेलसाठी ही व्यवस्था वर्षानुवर्षं नीट चालली. मेल अर्धा सेकंद उशिरा आली तर कुणाचं काय बिघडतं? आवाजाचं तसं नसतं. जाऊन-येऊन वेळ १०० मिलिसेकंदांच्या आत हवा, पॅकेटांची, म्हणजे आवाजाच्या छोट्या तुकड्यांची, गळती १ टक्क्याच्या आत आणि त्यांच्या येण्यातला चढउतार ३० मिलिसेकंदांच्या आत, ही मायक्रोसॉफ्टनेच दिलेली मापं आहेत. आमचा वेळ दीडशेच्या खाली कधी आलाच नाही. तोवर मॅनेजमेंटने लाइन दुप्पट करून घेतली होती. पण फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, आणि लाइन कितीही रुंद केली तरी अंतर तेवढंच राहतं.

त्यात फायरवॉलची, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्याची, भर. टीम्सचा आवाज मुळात यूडीपी या पद्धतीने, ३४७८ ते ३४८१ या पोर्टांवरून (नंबर दिलेल्या वाटांवरून) जायचा असतो. आमच्याकडे ती पोर्ट बंद. मग तो टीसीपी या दुसऱ्या पद्धतीने, ४४३ वरून, प्रॉक्सी नावाच्या मधल्या सर्व्हरचा वळसा घेऊन जायचा. यूडीपीत एखादं पॅकेट हरवलं तर बाकीची पुढे निघून जातात, कानाला जेमतेम कळतं. टीसीपीत हरवलेलं परत येईपर्यंत मागची सगळी उभी. गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर उसाची एक ट्रॉली उलटली की मागे जशी रांग लागते, तसंच.

एका गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीला, केबलिंगचं काम करणाऱ्या पोराला घेऊन मी काकांच्या केबिनपासून केबल धरत धरत मागे निघाले. ती क्वालिटी रूममधल्या लोखंडी कपाटामागे गेली. तिथे आठ पोर्टांचा एक स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबल जोडायचा डबा. कधी आणला, कुणी आणला, कुठेच नोंद नाही. त्यावर तेलाचा आणि धुळीचा असा थर की दिवे दिसेनात. बोटाने पुसल्यावर लुकलुकायला लागले. अडॅप्टरची पिन सैल होती, कुणीतरी रबर बँडने बांधून ठेवलेली. मी कपाटावर हाताने एक थाप मारली. सगळे दिवे गेले. मग एकेक करत परत आले. भिंतीपलीकडे २०० टनी प्रेस आहे.

तिथून केबिनपर्यंतची केबल टेस्टरने १३४ मीटर दाखवली. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर.

स्विच आणि फायबरचं काम दोन गुरुवारांत उरकलं. मुख्यालयाला पटवायला मात्र चार महिने गेले. त्यांची भीती खोटी नव्हती. एका दारावर पहारा ठेवणं दहा दारांपेक्षा सोपं. शेवटी मी सगळ्यांना विचारून एकच मीटिंग दोनदा रेकॉर्ड केली, एकदा प्लँटच्या लाइनवरून, एकदा मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून, आणि दोन्ही पाठवल्या. मग मायक्रोसॉफ्टच्या ठरावीक पत्त्यांपुरतं इथूनच बाहेर पडायची परवानगी आली, यूडीपीही उघडलं. जाऊन-येऊन वेळ १० मिलिसेकंदांच्या आसपास आला.

काकांना परत बसवायला मी स्वतः त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ब्रॅकेट कॅमेऱ्यासमोर धरला. तिकडून आवाज आला, "थोडा लेफ्ट, सर." त्यांनी तो डावीकडे वळवला आणि तडा कुठून सुरू होतो त्यावर पेन्सिल ठेवली. पाच मिनिटं तेच बोलत होते, आणि समोरचे लिहून घेत होते.

तरी अजून प्रत्येक वाक्यानंतर ते थांबतात, माझ्याकडे बघतात आणि हळूच विचारतात, "गेलं का?"

"गेलं, काका."