तुम्ही विचारलंत म्हणून: मायस्थेनिया आणि एक पेग

मायस्थेनिया ग्रेव्हिसचं, म्हणजे स्नायू लवकर दमण्याच्या आजाराचं, निदान नुकतंच झालेल्या माणसाचा फोन आला की गोळ्या, तपासण्या, खर्च हे सगळं बोलून होतं. मग आवाज जरा खाली येतो. ‘एक विचारू का? अधूनमधून घेतली तर चालते का? तुम्ही घेता?’ पूर्वी बायका नवऱ्यासाठी विचारायच्या, हल्ली स्वतःसाठीही विचारतात. विचारलेलं केव्हाही बरं.

तर सरळ सांगतो. मलाही हाच आजार आहे आणि मी घेतो, क्वचित आणि थोडी. पण मला चालते म्हणून तुम्हालाही चालेल असं मात्र धरून चालू नका.

आपल्या आजारात नस धड असते, स्नायूही धड असतो. घोळ असतो तो दोघं जिथे भेटतात तिथे. नसेनं सोडलेलं ॲसिटिलकोलीन, म्हणजे निरोप पोचवणारं रसायन, स्नायूवर पकडलं जायला हवं, आणि बहुतेकांच्या बाबतीत आपल्याच शरीरातल्या अँटिबॉडीज ती पकडायची जागा अडवून बसतात, मोडून टाकतात. वापरावा तसा स्नायू दमतो, विसावा दिला की थोडा सावरतो. त्यामुळे सकाळचा माणूस वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा. दिवे लागले की पापणी उतरते, एकाचे दोन दिसतात, जेवताना जबडा हातानं धरावा लागतो. पायरिडोस्टिग्मिनची ६० मिलिग्रॅमची गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात तरतरी येते आणि तीन-चार तासांत ओसरते. दारूची वेळ नेमकी संध्याकाळची, म्हणजे आपल्या अंगात सगळ्यात कमी शिल्लक असते तेव्हाची.

पण माझ्या मते खरा धोका याहून वेगळा आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पापणी जड होणं, बोलताना जीभ अडखळणं, दोन-दोन दिसणं, पाय लटपटणं. ही दारू चढल्याची लक्षणं आहेत आणि आपला आजार वाढल्याचीही हीच आहेत. एक थेंब न घेता आपण पिऊन आलोय असं लोकांना वाटतं, हे आपल्यातल्या अनेकांनी सोसलंय. बसमध्ये तिकीट मागताना माझे शब्द नाकातून आणि अडखळत आले, तर मागच्या बाईंनी मुलाला ओढून पलीकडच्या सीटवर नेलं. फार लागलं ते. पण निदान तेव्हा मला स्वतःला तरी ठाऊक होतं की हा आजार आहे. दोन पेग पोटात गेल्यावर ते मलाही कळणार नाही, समोरच्यालाही नाही. मित्र म्हणतील, चढलीय त्याला, झोपू द्या. आणि नेमकी त्याच रात्री श्वासाच्या स्नायूंची ताकद जात असेल तर? मायस्थेनिक क्रायसिस म्हणतात तो हाच, त्यात माणसाला व्हेंटिलेटरवर ठेवायची वेळ येते. पडून झोपलेल्या माणसाकडे तेव्हा कोण बघतंय?

म्हणून माझा पहिला नियम प्रमाणाचा नाही, सोबतीचा आहे. ज्याला आजार नीट माहीत आहे आणि जो त्या दिवशी स्वतः घेणार नाही, असं एक माणूस शेजारी हवं. आमच्या घरी हे काम बायको करते. ती मला पूर्ण श्वास घेऊन एका दमात मोठ्यानं आकडे मोजायला लावते. चांगल्या दिवशी मी तिसाच्या पुढे जातो. आकडा नेहमीपेक्षा खाली आला तर ग्लास बाजूला. विसाच्या आत आला तर कारण शोधत बसायचं नाही, गाडी काढायची आणि इस्पितळ गाठायचं. दारू न घेतलेल्या दिवशीही हे मोजणं उपयोगी पडतं. आजच करून बघा आणि आपला आकडा लिहून ठेवा.

ग्लासात काय आहे तेही कळायला हवं. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ३० मिलिलिटरच्या स्मॉलमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. बिअर सौम्य म्हणून तिच्याकडे वळणाऱ्यांनी हिशोब करून बघावा: आठ टक्क्यांची ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बाटली संपवली की चार स्मॉल झाले.

जिनवाल्यांना मात्र कळकळीनं सांगायचंय. गेल्या काही वर्षांत गोव्यात स्थानिक जिनचं पीक आलंय आणि जिन म्हटली की टॉनिक वॉटर आलंच. त्याचा कडवटपणा क्विनाइनचा. तेच मलेरियाचं जुनं औषध, आणि नस-स्नायूच्या दुव्यावर ते उलटा परिणाम करतं, म्हणून मायस्थेनियात टाळायच्या औषधांच्या यादीत ते असतं. मलेरियासाठी एका वेळी ६०० मिलिग्रॅम देतात, अमेरिकेत टॉनिकच्या एका लिटरमध्ये ८३ मिलिग्रॅमपर्यंतच परवानगी आहे, त्यामुळे मात्रा बरीच कमी, हे खरं. तरीही काहींना तेवढंही बाधतं. नुसतं टॉनिक लिंबू पिळून पिणाऱ्या, दारूला न शिवणाऱ्या लोकांनाही हे लागू आहे. मी टॉनिक पूर्ण बंद केलंय. जाता जाता आणखी एक: आसव-अरिष्टांमध्येही आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं. औषध म्हणून दोन वेळा घेत असाल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

आमचा मुलूख दोडामार्गकडचा, काजूचा. मार्च-एप्रिलमध्ये बोंडांचा रस आंबवून भट्टीवर पहिल्या धारेची हुर्राक निघते. लिंबू, मीठ, सोडा आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची. अंगणात बसून सगळे पितात. मला त्याची मनापासून ओढ आहे, लपवून काय करायचं? पण मायस्थेनियाला उष्णता सोसत नाही. पापणीवर बर्फ ठेवल्यावर ती वर येते का, ही तर डॉक्टरांची तपासणीच आहे. एप्रिलमधली कोकणातली दुपार म्हणजे त्याच्या नेमकं उलट. त्यात भट्टीवरच्या हुर्राकला लेबल नाही. या कळशीतली सौम्य तर पुढची जहाल. तेव्हा हुर्राक मी जीभ भिजेल एवढीच घेतो, तीही घरात, पंख्याखाली, गोळी घेऊन तासभर झाल्यावर.

गिळायला त्रास होत असेल, श्वास अपुरा पडत असेल, ताप किंवा खोकला असेल, स्टेरॉइडचा डोस नुकताच बदलला असेल, तर अजिबात नाही. तिथे माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. आणि घेतल्यावर गाडीला हात लावायचा नाही, अर्ध्या पेगनंतरही नाही.

डॉक्टरांना खरं सांगा. आपल्याकडे केबिनमध्ये वडील किंवा बायको शेजारी बसलेली असते, मग ‘नाही, कधीच नाही’ असं तोंडातून निघून जातं. आपल्यातले बरेच जण ॲझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी घेतात, त्यासाठी लिव्हरच्या तपासण्या ठरल्या वेळी होतात. त्यात आकडे वाढले की डॉक्टरांचा पहिला संशय गोळीवर जातो. महिनोन्महिने वाट पाहून कुठे लागू पडायला लागलेलं औषध मग कमी होतं किंवा बंद होतं, आणि दोष कदाचित शनिवारच्या क्वार्टरचा असतो. शेजारी माणूस नको असेल तर दोन मिनिटं एकट्यानं बोलायचंय म्हणा, डॉक्टरांना त्यात काही नवल वाटत नाही. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर पोट, साखर आणि हाडं यांचीही गोष्ट त्याच दोन मिनिटांत उरकते.

राहिला बैठकीचा प्रश्न. ‘वायच घे रे, काय होवचा नाय,’ म्हणत चुलतभाऊ ग्लास पुढे करतात. मी आजाराचं नाव सांगत नाही. ‘आज नको, आज गिळणं बरोबर नाही’ एवढंच सांगतो. गिळण्याचं म्हटलं की माणसं थांबतात. जास्त लक्ष मी चखण्यावर ठेवतो: खारे शेंगदाणे आणि चकली दूर सारतो, कारण दमलेला जबडा आणि सैलावलेला घसा यांच्यात शेंगदाणा अडकला तर ती दारूपेक्षा मोठी अडचण. उकडलेलं अंडं, मऊ भाजलेला बांगडा चालतो. आणि लवकर उठतो. आता सगळ्यांना ते ठाऊक झालंय, माझं ताट आधी वाढतात.