तुम्ही विचारलंत म्हणून: कागद का केला नाही?

बँडची गाणी काढणारं माझं छोटं लेबल बंद करून सात वर्षं झाली, तरी प्रश्न तोच येतो. लग्नात, गाण्याच्या कार्यक्रमात, एकदा तर दवाखान्यात नंबर लावून बसले होते तेव्हा: "बँडच्या मुलांकडून आधीच लिहून का घेतलं नाहीस?" पंक-रॉक संगीताची थोडी माहिती असणारे लगेच शिकागोच्या 'टच अँड गो' या रेकॉर्ड लेबलचं नाव काढतात. त्यांचं कोर्टात काय झालं ते माहीत असूनही तू तेच केलंस? एकदाच सगळं सांगते.

हो, माहीत होतं. मिशिगनमधल्या ईस्ट लान्सिंगला दोघा पंकवेड्यांनी काढलेल्या हौशी अंकातून १९८१ मध्ये ते लेबल निघालं. पहिल्या रेकॉर्ड शे-दोनशे प्रतींच्या. नेक्रोस बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्या कोरी रस्कनं पुढे ते हातात घेतलं आणि शिकागोला नेलं. रीत साधी होती. खर्च वजा जाता उरेल ते बँडचं निम्मं, लेबलचं निम्मं. कागद नाही, शब्द. बिग ब्लॅक, जीझस लिझर्ड, स्लिंट, या सगळ्या बँडच्या रेकॉर्ड तिथून आल्या. पुण्यात दोन खोल्यांच्या घरातून लेबल सुरू करताना मला दुसरी कुठली रीत पटणं शक्यच नव्हतं.

मग तो खटला. बटहोल सर्फर्स या बँडच्या ऐंशीच्या दशकातल्या रेकॉर्ड याच तोंडी बोलीवर निघाल्या होत्या. बँड मोठा झाला, मोठ्या कंपनीकडे गेला. १९९५ मध्ये त्यांनी जुन्या रेकॉर्डवर निम्म्याऐवजी ८० टक्के मागितले. रस्क नाही म्हणाला. बँडनं बोली मोडली आणि कोर्टात गेला. रस्कचं म्हणणं, कॉपीराइट कायद्याप्रमाणे रेकॉर्ड काढायची अशी परवानगी ३५ वर्षं तरी मागे घेता येत नाही. १९९९ मध्ये अपील कोर्टानं बँडच्या बाजूनं निकाल दिला: मुदत ठरलेली नाही, तर इलिनॉयच्या, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे तिथल्या, कायद्यानं कुणीही ती बोली केव्हाही संपवू शकतो. रस्क हरला.

तरीही मी म्हणेन, त्या निकालानं लेबल बुडालं नाही. त्यानंतर दहा वर्षं ते जोमानं चाललं. मर्ज, किल रॉक स्टार्ससारख्या दुसऱ्या लेबलांचा माल तेच पोचवत होते. २००९ मध्ये ते वितरण थांबलं, ते मंदीत, धंद्याचं गणित जमेना म्हणून. आणि २००६ मध्ये २५ वर्षं झाली तेव्हा शिकागोत तीन दिवस गाणं झालं. १९८७ मध्ये संपलेला बिग ब्लॅक त्यासाठी पुन्हा उभा राहिला, चार गाणी वाजवून गेला. तो कुठल्या करारानं बांधलेला होता? हे मला विचारणाऱ्यांपैकी कुणी सांगत नाही.

आता माझं.

माझ्या लेबलवरच्या बँडमध्ये चौघं मुलं होती. पहिली सीडी ३०० प्रतींची. कव्हरं नारायण पेठेत लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून स्क्रीन प्रिंट करून घेतली. शाई वाळेना म्हणून घरभर दोऱ्या बांधून चिमट्यांनी लटकवली, आणि आम्ही पाचजण दोन रात्री खाली वाकून वावरलो. मुलं मला ताई म्हणायची. आली की थेट स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी घ्यायची.

चौथ्या वर्षी, जूनमध्ये, गाणारा मुलगा एकटाच आला. पाणी घ्यायला आत गेला नाही. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला. मीच पाणी आणून दिलं, तेव्हाच काय ते समजले. मुंबईच्या एका कंपनीशी बोलणं झालं होतं. त्यांना जुनी गाणीसुद्धा हवी होती, सगळी. ते सांगून झाल्यावर तो फरशीकडे बघत म्हणाला, "ताई, आपलं कागदावर तसं काही नव्हतं ना?"

"नव्हतं," म्हटलं.

गाण्यांची हार्ड डिस्क मीच कपाटातून काढून दिली. केबलही दिली, कारण त्याच्याकडची सैल झाली होती हे मला ठाऊक होतं. पाऊस होता म्हणून दुधाच्या पिशवीत गुंडाळून दिली. तो गेल्यावर मी बराच वेळ त्याचा पेला विसळत उभी होते.

तेव्हाची मी म्हणायची, कागद मागणं म्हणजे आधीच अविश्वास दाखवणं. आज तिला विचारते, मग किती वर्षांसाठी हे तोंडानं तरी का विचारलं नाहीस? कोर्टात रस्क नेमका त्याच मुद्द्यावर हरला होता. माझ्या मनात होतं कायमचं. त्यांच्या मनात होतं, बरं काही मिळेपर्यंत. दोन्ही प्रामाणिकच होतं. आणखी एक कबूल करते. निम्मं-निम्मं म्हणत होते, पण खर्च काय धरायचा ते मी एकटीच ठरवायची. पेट्रोल धरलं, फोनचं बिल धरलं. हिशोबाची वही मुलांपुढे ठेवली ती तिसऱ्या वर्षी. त्यांनी आधी कधी मागितली नव्हती, हे मी तेव्हा विश्वास समजले. कदाचित लाजत असतील.

म्हणून पुढच्या वेळी कागद करशील का? तोही विचारता तुम्ही. करेनही. पण त्या जूनच्या दुपारी माझ्याकडे सहीचा कागद असता, तर तो काढून त्या मुलापुढे धरला असता का? माझा हात कपाटाकडे गेला असता असं मला अजूनही वाटत नाही. मग तो करायचा कशाला, यावर मी अडकते.

दिवाणात १४० सीड्या पडून आहेत. गेल्या महिन्यात नाशिकच्या एका मुलानं विचारलं, एक मिळेल का. गाणी आता माझी नाहीत, म्हणून मी त्याला गाणाऱ्या मुलाचा नंबर दिला. त्यानं फोन केला. तिकडून उत्तर आलं, "ताईंकडे असतील, त्या देतील."

मी अजून दिलेली नाही.