‘आई, यात भीती कुठे आहे?’

गेल्या वर्षी शाळेला सुट्टी लागली आणि पाठोपाठ नागपूरचा उन्हाळा अंगावर आला. सकाळी अकरानंतर बाहेर पाऊल टाकण्याची सोय नव्हती. दिवसभर कूलर चालू ठेवून, पडदे ओढून घरात बसायचे आणि संध्याकाळी ऊन उतरले की फिरायला निघायचे, असा आमचा क्रम होता. त्या दिवसांत माझ्या बारा वर्षांच्या मुलाने माझ्याजवळ एकच मागणी केली : खरोखर भीती वाटेल अशी कादंबरी आणून दे. ‘खरोखर’ या शब्दावर त्याचा जोर होता, कारण मुखपृष्ठावर ‘भयकथा’ असे छापलेली चार पुस्तके त्याने आठवडाभरात वाचून बाजूला ठेवली होती. चौथे पुस्तक मिटताना तो म्हणाला, “आई, यात भीती कुठे आहे? शेवटी ते स्वप्नच निघालं.”

मला ते दोन दिवसांचे काम वाटले होते. प्रत्यक्षात त्यात सबंध उन्हाळा गेला, पावसाळा लागला आणि पोळा येईपर्यंत माझा शोध चालू राहिला.

सुरुवात अर्थातच बर्डीपासून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारपेठेपासून झाली. मुलांच्या भयकथा मागितल्या की विक्रेते ज्या पुस्तकांचा ढीग समोर ठेवतात, त्यांच्यावर कवट्या, वटवाघळे आणि रक्ताचे ओघळ असतात. आतल्या मजकुराचा त्यांच्याशी फारसा संबंध नसतो. त्या ढिगात आर. एल. स्टाइन यांच्या ‘गूझबम्प्स’ मालिकेतली बरीच पुस्तके होती. १९९२ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेने जगभरातल्या लाखो मुलांना वाचनाची गोडी लावली, हे मी मनापासून मान्य करते. माझ्या मुलानेही त्यांतली तीन एका बैठकीत संपवली. परंतु त्यांची रचना त्याने फार लवकर ओळखली. प्रकरणाच्या शेवटी कोणीतरी मागून खांद्यावर हात ठेवते, आणि पुढच्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत कळते की तो धाकट्या भावाचा हात होता. साप साप म्हणून भुई धोपटावी आणि शेवटी दोरी निघावी, असे दहा वेळा झाले की अकराव्या वेळी खरा साप आला तरी वाचणारा दचकत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ती पुस्तके मी आजही आनंदाने देईन. माझ्या मुलाचे वय मात्र त्यांच्या पुढे गेले होते.

त्यानंतर मी आमच्या भागातल्या वाचनालयाकडे वळले. मुलाच्या बालविभागाच्या कार्डावर भयकथाकार नारायण धारपांचे पुस्तक मिळणार नाही, ते प्रौढांच्या कपाटातले आहे, असे तेथे सांगण्यात आले, आणि बालविभागात त्याऐवजी काय आहे असे विचारल्यावर परीकथा व साहसकथांचे कपाट दाखवण्यात आले. नियमामागची काळजी मला समजत होती, पण बारा वर्षांच्या वाचकाने या दोन कपाटांच्या मधली वर्षे कशावर काढायची, याचे उत्तर तेथे कोणाजवळ नव्हते. अखेर धारपांची पुस्तके मी माझ्या कार्डावर घरी आणली आणि आधी स्वतः वाचायला बसले.

आपल्याकडे भयकथेची परंपरा लहान नाही. धारपांनी (१९२५–२००८) दोन पिढ्यांची झोप उडवली आणि रत्नाकर मतकरींनी गूढकथेला स्वतःचे स्थान मिळवून दिले. पण हे लेखन प्रौढ वाचकासाठी झाले. ज्या मतकरींनी अंगावर काटा आणणाऱ्या कथा लिहिल्या, त्यांनीच बालरंगभूमीला ‘अलबत्या गलबत्या’ दिले, आणि त्यातली चेटकीण पाहून मुले पोट धरून हसतात. हसवणारी चेटकीण आणि झोप उडवणारी गूढकथा यांच्या मध्ये, बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना समोर ठेवून लिहिलेल्या मराठी कादंबऱ्या मी खूप शोधल्या, पण हाताशी फार थोडे आले. धारपांच्या पुस्तकांतून मी शेवटी समर्थ हे पात्र असलेल्या कथा त्याच्यासाठी निवडल्या, कारण त्यांत अमंगळाच्या समोर कोणीतरी पाय रोवून उभे राहते, आणि त्या वयात एवढा आधार पुरतो. ‘लुचाई’ ही स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीवर बेतलेली कादंबरी मी स्वतः दोन रात्री जागून वाचली आणि दोन वर्षांनी देईन, असे त्याला सांगून माझ्या कपाटात ठेवली.

इथवर आल्यावर माझ्या लक्षात आले की आपण पुस्तके शोधत आहोत, पण नेमके काय शोधत आहोत हे अजून ठरवलेले नाही. मग मला लहानपणी वडिलांकडून ऐकलेली चकव्याची गोष्ट आठवली. काटोलकडच्या आमच्या गावी, संत्र्यांच्या बागेतून रात्री घरी परतणारा माणूस ओळखीच्या वाटेवर चुकतो. तो चालत राहतो, पुन्हा त्याच विहिरीपाशी येतो, पुन्हा चालतो, पुन्हा तीच विहीर. त्या गोष्टीत भूत नव्हते, किंकाळी नव्हती, रक्ताचा थेंब नव्हता. वडिलांनी त्या माणसाला उजाडेपर्यंत तसेच फिरवले आणि चकवा म्हणजे काय, हे शेवटपर्यंत सांगितले नाही. मी चाळिशी ओलांडली आहे, तरी अनोळखी रस्त्यावर एकच खूण दुसऱ्यांदा दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. मुंजा, हडळ, झोटिंग यांची नावे ऐकून मी लहानपणी जेवढी घाबरले नाही, तेवढी त्या विहिरीला घाबरले, कारण जी वाट रोज घरी आणते तीच तिथे उलटली होती.

त्या आठवणीतून मला कसोटी सापडली. लेखक दिलेली भीती शेवटी परत घेतो का, हे मी पाहू लागले. सगळे स्वप्न होते, शेजाऱ्याची चेष्टा होती, भूत मुळात गोड स्वभावाचे होते, असे म्हणून जो शेवटच्या पानावर सगळे पुसून टाकतो, त्याचे पुस्तक मी बाजूला ठेवत गेले. त्याचबरोबर भीती कुठून येते, हेही मी तपासू लागले : परक्या राक्षसाकडून, की रोजच्या घरातून, ओळखीच्या माणसातून. आणि ज्या पुस्तकात भीतीच्या जागी नुसती क्रूरता होती, ते मी निःशंकपणे परत केले. असे एक पुस्तक मी पन्नास पानांवर मिटले. त्यात मुलांचे हाल रंगवून सांगितले होते आणि वाचताना भीतीऐवजी किळस येत होती. मुलाने कारण विचारले, तेव्हा मी हेच त्याला सांगितले आणि त्याला ते पटले.

पहिली परीक्षा मी कादंबरीची न घेता एका कथेची घेतली. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची ‘द मंकीज पॉ’ ही १९०२ सालची इंग्रजी कथा मी त्याला मराठीत सांगितली. हिंदुस्थानातल्या फकिराने मंतरलेला माकडाचा वाळलेला पंजा, त्याने पुऱ्या होणाऱ्या तीन इच्छा, यंत्रात सापडून मेलेला मुलगा आणि त्याला परत बोलावणारी आई. दारावर थाप पडते त्या ठिकाणी येण्यापूर्वी मी उठून कूलर बंद केला, कारण त्या घरघरीत कोणतीही भीती टिकत नाही. दहा मिनिटे आम्ही घामाने निथळत बसलो होतो. आई दाराची वरची कडी काढायला धडपडते आहे, बाप अंधारात पंजा चाचपडतो आहे, आणि दार उघडते तेव्हा बाहेर रिकामा रस्ता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “पण बाहेर कोण होतं?” मी म्हणाले, लेखकाने सांगितलेले नाही. त्या रात्री त्याने अंथरूण आमच्या खोलीत आणले, आणि सकाळी तीच कथा त्याने मला पुन्हा सांगायला लावली.

कादंबऱ्यांत सर्वांत खोल गेली ती नील गेमन यांची ‘कोरलाईन’ (२००२). आईवडील कामात बुडालेले, मुलगी कंटाळलेली, आणि घरातल्या एका दारापलीकडे तसेच दुसरे घर. तिथली ‘दुसरी आई’ अधिक चांगले जेवण देते, अधिक लक्ष देते, फक्त तिच्या डोळ्यांच्या जागी काळी बटणे आहेत. कोरलाईनने तिथेच राहावे, पण त्यासाठी तिलाही डोळ्यांवर बटणे शिवून घ्यावी लागतील. हे वाचत असताना माझा मुलगा स्वयंपाकघरात आला, त्याने माझ्या चेहऱ्याकडे क्षणभर निरखून पाहिले आणि काही न बोलता परत गेला. कणीक मळता मळता मला त्याच क्षणी कळले की पुस्तक बरोबर जागी पोचले आहे.

जोनाथन स्ट्राउड यांचे ‘द स्क्रीमिंग स्टेअरकेस’ (२०१३) हे त्याने दोनदा वाचले. त्यातली भुते मोठ्या माणसांना धड जाणवतही नाहीत. त्यांच्याशी लढायला लोखंड आणि मीठ घेऊन मुलांनाच जावे लागते. मोठे वाचवायला येणार नाहीत, ही कल्पना त्याला भुतांपेक्षा भयंकर वाटली आणि तिच्यातच त्याला बळही मिळाले, असे मला त्याच्या बोलण्यावरून जाणवले.

याच काळात अमरावतीहून नणंद आली होती. तिने पलंगावरची पुस्तके पाहिली आणि काळजीने विचारले, “वहिनी, मुलाला मुद्दाम कशाला घाबरवता?” तिचा प्रश्न वावगा नव्हता. मी तिला अमेरिकेतले एक उदाहरण सांगितले. ॲल्विन श्वार्ट्झ यांनी लोककथांतून वेचलेल्या ‘स्केअरी स्टोरीज टू टेल इन द डार्क’ या संग्रहाला (१९८१) स्टीफन गॅमेल यांची अत्यंत अस्वस्थ करणारी चित्रे होती. १९९०च्या दशकात तेथल्या ग्रंथालयांतून काढून टाकण्याची सर्वाधिक मागणी याच पुस्तकांबद्दल झाली. पुढे २०११ मध्ये सौम्य चित्रांची आवृत्ती निघाली, तेव्हा लहानपणी त्या चित्रांना घाबरलेले, आता मोठे झालेले वाचकच जुनी चित्रे हवीत म्हणून नाराज झाले. मग मी तिला आपल्या मारबतीची आठवण करून दिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीतून निघणारी काळी मारबत, तो अक्राळविक्राळ पुतळा, पाहून आपण सगळे लहानपणी आईच्या पदराआड लपलो, आणि ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत तिच्या मागेही धावलो. नणंदेने मान डोलावली, पण तिचे समाधान झाले नव्हते, आणि मीही वाद वाढवला नाही.

पावसाळ्यात मी वाचनालयात पुन्हा गेले. कुमारवयीन वाचकांसाठी वेगळे कपाट करावे आणि आईवडिलांच्या सहीने त्या मुलांना निवडक प्रौढ पुस्तके द्यावीत, अशी सूचना मी त्यांच्या वहीत लिहिली. कपाट अजून झालेले नाही. सहीची सवलत मात्र त्यांनी दिली, आणि आता माझा मुलगा पुस्तके स्वतःच्या कार्डावर आणतो.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात नणंदेचा फोन आला. तिच्या अकरा वर्षांच्या मुलीला आमच्याकडची ‘भीतीची पुस्तके’ हवी होती. मी यादी सांगू लागले, तेवढ्यात मुलाने फोन हातात घेतला आणि आत्याला विचारले की तिच्या मुलीला अंधाराची भीती वाटते की माणसांची. उत्तर ऐकून त्याने रोआल्ड डाल यांचे ‘द विचेस’ (१९८३) निवडले. त्यात चेटकिणी साध्यासुध्या बायकांच्या रूपात वावरतात आणि उंदीर झालेला मुलगा शेवटपर्यंत उंदीरच राहतो. १९९० च्या चित्रपटात त्याला पुन्हा माणूस केले होते आणि डाल यांना तो बदल मुळीच आवडला नव्हता, हे मी माझ्या मुलाला मागे कधीतरी सांगितले होते. पुस्तक कागदात गुंडाळताना त्याने आत एक चिठ्ठी ठेवली : ‘जुना चित्रपट आधी बघू नकोस. त्यांनी शेवट बदलला आहे.’