पत्र्यापासून चौकटीपर्यंत : आमची वाटचाल

नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत १९९६ साली आमचा फॅब्रिकेशनचा कारखाना सुरू झाला, तेव्हा आम्ही पाण्याच्या टाक्या, शेडचे ट्रस आणि कन्व्हेयरच्या फ्रेम बनवत होतो. आज आमच्या कामाचा मोठा भाग म्हणजे स्फोटके बनवणाऱ्या आणि साठवणाऱ्या कारखान्यांसाठी लागणारी संरक्षक दारे, आडभिंती आणि प्रेससमोर, म्हणजे दाबयंत्रासमोर, उभ्या राहणाऱ्या ढाली. हे काम आमच्याकडे यावे, असाच हा परिसर आहे. विदर्भातल्या कोळसाखाणींना सुरुंगासाठी स्फोटके लागतात, ती बनवणारे खासगी कारखाने शहराच्या आसपास आहेत, अंबाझरी, भंडारा आणि भद्रावती येथे आयुध निर्माणी आहेत, आणि स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालयही नागपुरातच आहे.

पहिले काम एका प्रेससमोरच्या ढालीचे होते. ग्राहकाच्या रेखाचित्रावर बारा मिलिमीटर जाडीची एम.एस. (माइल्ड स्टील, म्हणजे साधे मऊ पोलाद) प्लेट, मागे तिला ताठ ठेवणाऱ्या अँगलच्या पट्ट्या, म्हणजे स्टिफनर, आणि रंगाची छटा एवढेच लिहिलेले होते. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त आयुध अधिकाऱ्यांना मी ते दाखवायला नेले. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ही प्लेट फाटलीच तर कुठून फाटेल, ते तुम्ही मला आधी सांगा, जाडीचं नंतर बोलू." पुढची कित्येक वर्षे मी त्यांच्याकडे शिकायला जात राहिलो, आणि आमच्या कारखान्यातली प्रत्येक रचना आजही त्याच प्रश्नापासून सुरू होते.

स्फोटाचा भार हा वाऱ्याच्या किंवा क्रेनच्या भारासारखा नसतो. दाब एका क्षणात शिखरावर जातो, काही मिलिसेकंदांत किंवा त्याहूनही लवकर ओसरतो, आणि नंतर काही काळ वातावरणाच्या दाबाखाली उतरतो, म्हणजे प्लेटला उलट दिशेने ओढतो. दाबाचा हा तरंग भिंतीवर समोरून आदळून थांबला की दाब वाढतो. सौम्य तरंगासाठी तो सुमारे दुप्पट होतो, तीव्र तरंगासाठी आठपट किंवा त्याच्याही पुढे जाऊ शकतो. म्हणून मोकळ्या हवेतला दाब पाहून भिंतीची रचना करणे धोक्याचे आहे. हॉपकिन्सन या संशोधकाने १९१५ साली मांडलेला घनमुळाचा नियम आम्हाला रोज उपयोगी पडतो : एक किलो स्फोटकाचा ५ मीटरवर जो शिखर-दाब येतो, तोच आठ किलोचा १० मीटरवर येतो, मात्र तो दुप्पट वेळ टिकतो. आपल्याकडचे १९६८ सालचे आय.एस. ४९९१ हे मानकही याच नियमावर उभे आहे. त्यातला तक्ता एक टन स्फोटकासाठी आहे, म्हणून एक किलोच्या कामासाठी ३ मीटर अंतर असेल, तर तक्त्यात ३० मीटरची ओळ पाहावी लागते.

आमच्या क्षेत्रातल्या बहुतेक ढालींवर येणारा भार ढालीच्या स्वतःच्या दोलनकाळापेक्षा, म्हणजे तिला एकदा पुढे-मागे हलायला लागणाऱ्या वेळेपेक्षा, फार थोडा वेळ टिकतो. प्लेट हलू लागेपर्यंत दाब संपलेला असतो आणि प्लेटमध्ये फक्त वेग उरतो. अशा वेळी शिखर-दाबापेक्षा एकूण आवेग, म्हणजे दाब आणि तो टिकला तेवढा वेळ यांचा एकत्रित धक्का, महत्त्वाचा ठरतो. आवेग तेवढाच ठेवून भिंतीचे वस्तुमान दुप्पट केले, तर तिला मिळणारी गतिज ऊर्जा निम्मी होते. जड भिंत चांगली, या जुन्या कामगारांच्या समजाला खरा आधार इथे आहे, आणि तो मजबुतीपेक्षा जडत्वाचा आहे. उरलेली ऊर्जा पोलादाने वाकून, ताणून पचवायची असते. संरक्षक रचना वाकली म्हणजे ती अपयशी ठरली, असे मानणारे खरेदी अधिकारी मला अजून भेटतात. वाकणे हेच तिचे काम आहे. ती सुटता कामा नये आणि फाटता कामा नये.

ती कुठून सुटते, याचे उत्तर १९७३ साली मेंक्स आणि ओपाट या संशोधकांनी दोन्ही टोकांना पक्क्या धरलेल्या अॅल्युमिनियमच्या तुळयांवर केलेल्या प्रयोगांत स्पष्ट दिसते. आवेग कमी असताना तुळई फक्त वाकते. तो वाढला की ती आधाराशी ताणाने फाटते. आणखी वाढला की मधला भाग फारसा वाकण्याआधीच आधाराच्या कडेला सरळ कातरली जाते. पुढे पोलादी प्लेटवरही हाच क्रम दिसला. म्हणजे आवेग वाढेल तशी खरी कसोटी प्लेटच्या मध्यावरून कडेकडे सरकते.

इथेच आमच्या कामाची दिशा बदलली. नवारीच्या खाटेवर माणूस बसला की नवार खाली झुकते आणि दोन्ही बाजूंचे दांडे आतल्या बाजूला ओढले जातात. खूप वाकलेली प्लेटही आपल्या चौकटीला तशीच आत ओढते. ही ओढ प्रचंड असते, आणि चौकट हलक्या अँगलची असेल तर जाड प्लेट वापरून काहीच साधत नाही, उलट चौकटीवरचा भार वाढतो. त्यामुळे आम्ही आधी चौकट, तिचे कोपरे आणि तिला काँक्रीटमध्ये धरणारे अँकर बोल्ट ठरवू लागलो. कडेवरचे साधे फिलेट वेल्ड (कोपऱ्यात वरवर भरलेला जोड) सोडून प्लेटच्या पूर्ण जाडीतून जाणारे वेल्ड घेतले. जिथे प्लेट सर्वांत जास्त वाकणार, त्या रेषेपासून वेल्ड दूर नेले, कारण वेल्डलगतचा उष्णतेने बदललेला पट्टा मूळ पोलादाइतका ताणला जाईलच असे नाही. स्टिफनरबद्दलही आमचे मत बदलले. स्टिफनर मध्यावरचे वाकणे कमी करतो हे खरे, पण सगळा ताण त्याच्या बुडाशी गोळा होतो आणि पत्रा त्या रेषेवर कागदासारखा सरळ फाटू शकतो. आज आमच्या लहान ढालींना बहुधा स्टिफनरच नसतात.

पोलादाच्या निवडीत मी तन्यतेला, म्हणजे न तुटता ताणले जाण्याच्या गुणाला, पहिले स्थान देतो. आय.एस. २०६२ मधले ई २५० पोलाद २५० मेगापास्कल ताणाला नमते, म्हणजे कायमचे ताणले जाऊ लागते, आणि तुटण्याआधी किमान २३ टक्के लांबते. थंड हवेत किंवा उघड्यावर काम असेल, तर आम्ही आघात-चाचणी झालेली प्रत मागवतो. भार झपाट्याने आला की पोलाद अधिक ताण सोसते; माइल्ड स्टीलसाठी प्रचलित असलेल्या काउपर-सिमंड्स सूत्राप्रमाणे दर सेकंदाला ४० या विकृतीदराला (पोलाद किती झपाट्याने ताणले जाते, त्या वेगाला) त्याचा नमन-ताण, म्हणजे ज्या ताणाला ते नमू लागते तो, दुप्पट होतो. हा फायदा आहे, पण तो पूर्ण हिशेबात धरावा असे मला वाटत नाही, कारण प्लेट जितकी बळकट वागेल तितकीच आधारावरची प्रतिक्रिया वाढते, आणि आधाराचे वेल्ड त्या प्रमाणात बळकट होईल याची खात्री कोण देणार?

आतापर्यंतचे सारे केवळ दाबाविषयी झाले. तुकड्यांचा प्रश्न वेगळा आहे. धातूच्या कवचात स्फोटक भरलेले असेल, तर कवचाचे तुकडे सेकंदाला हजार ते दोन हजार मीटर वेगाने निघतात. स्फोटक आणि कवच यांच्या वस्तुमानाच्या गुणोत्तरावरून हा वेग काढण्याचे सूत्र गर्नी या संशोधकांनी १९४३ साली दिले. आमच्या ग्राहकांकडे मात्र बऱ्याचदा प्रेसचा साचा (डाय), त्यात दाबणारा दांडा (पंच) किंवा एखादा बोल्ट हाच तुकडा बनतो. तो हळू पण जड असतो. वेगवान तुकडा प्लेटमधून आपल्याच आकाराची चकती कापून बाहेर काढतो, आणि ती चकती मागच्या माणसासाठी दुसरा तुकडा ठरते. कधी तुकडा आरपार जातही नाही, तरी आघाताचा तरंग मागच्या पृष्ठभागावरून ओढ बनून परततो आणि मागची खपली उडते. तुकडे अडवायला कठीण पोलाद चांगले. स्फोटाची ऊर्जा पचवायला मऊ आणि तन्य पोलाद चांगले. आमच्या धंद्यातली खरी ओढाताण ही आहे.

दोन्ही आघात एकत्र आले की परिणाम त्यांच्या साध्या बेरजेपेक्षा वाईट होतो. स्फोटाच्या अगदी जवळ दाबाचा तरंग पुढे असतो, पण तो झपाट्याने मंदावतो, आणि काही अंतरानंतर तुकडे त्याला मागे टाकून आधी पोहोचतात. तेव्हा तरंगाला समोर भोके पडलेली प्लेट मिळते. जवळजवळच्या भोकांमधून चिरा जोडल्या जातात आणि केवळ दाबाने जी प्लेट नुसती फुगली असती, ती पाकळ्यांसारखी उघडते. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ रोजी सुमारे १,४०० टन स्फोटके घेऊन उभी असलेली फोर्ट स्टिकिन ही बोट फुटली, तेव्हा त्या बोटीचे पोलादच तुकडे बनून शहरावर पडले आणि आग विझवणारे अनेक जवान मृत्युमुखी पडले. त्याच दिवसाच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सप्ताह सुरू होतो, आणि त्या सप्ताहात आम्ही नव्या वेल्डरांना बसवून हा सगळा विषय समजावून सांगतो.

यावर आमचे उत्तर दुहेरी भिंतीचे आहे. पुढचा थर कठीण प्लेटचा, मध्ये कोरडी वाळू, मागे ई २५० ची तन्य प्लेट. पुढच्या थराने तुकडे खावेत, वाळूने त्यांचा उरलेला वेग मारावा आणि जडत्वही द्यावे, मागच्या अखंड प्लेटने आवेग पचवावा. कठीण प्लेट आम्ही वेल्ड करत नाही, कारण वेल्डच्या उष्णतेने तिचा कडेचा पट्टा मऊ होतो आणि हायड्रोजनमुळे चीर पडण्याची भीती असते. ती चॅनलच्या खाचेत सरकवून बंदिस्त करतो, म्हणजे बदलताही येते. संरक्षित बाजूला नट, क्लिप, नेमप्लेट, दिव्याची ब्रॅकेट असे काहीही उघडे ठेवू देत नाही, कारण आघाताच्या वेळी ती प्रत्येक वस्तू सुटून गोळी बनू शकते.

दारांचा भाग अजून अवघड. स्फोटाचा दाब दाराला चौकटीवर दाबतो, तेवढे सोपे आहे. पण दाब ओसरल्यावर दार स्प्रिंगसारखे उलटे येते, त्यात वातावरणाखाली उतरलेल्या दाबाची ओढ मिळते, आणि तेव्हा सारा भार बिजागऱ्या आणि कड्यांवर पडतो. म्हणून आमच्या दारांच्या चारही बाजूंना पिना असतात आणि त्यांचा हिशेब उलट्या भारासाठी वेगळा केलेला असतो. बंद खोली असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते : तरंग गेल्यावरही गरम वायूंचा दाब आत कोंडून राहतो. वरून किंवा माणसे नसलेल्या बाजूने त्याला वाट दिली नाही, तर आम्ही ते काम घेत नाही.

एकदा आघात सोसलेली ढाल हायड्रॉलिक जॅकने सरळ करून द्या, अशी मागणी दरवर्षी कोणीतरी करते. खर्च वाचवण्याची त्यांची निकड मला समजते, तरीही आम्ही नकार देतो. वाकताना पोलादाने आपली लांबण्याची क्षमता खर्च केलेली असते, उलट वाकवल्याने ती आणखी घटते, आणि कडेच्या वेल्डमधल्या बारीक चिरा रंगाखाली दिसत नाहीत. अशी ढाल आम्ही वाहतूक आमच्या खर्चाने करून परत आणतो, चौकटीसह नवी देतो, जुनीचे कडेचे पट्टे कापून चिरा तपासतो आणि जे दिसेल ते ग्राहकाला लेखी कळवतो.